कर्तृत्व घडवावे लागते

कर्तृत्व रक्तातूनच येते, असा समज आपल्या समाजात खोल रुजला आहे. तो किती पोकळ आहे हे पाहावयाचे असेल, तर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरात १८६३ साली जन्मलेला हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर आला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढील सहा वर्षांच्या कसून केलेल्या अभ्यासाने राजा घडला. १८८१ अखेर त्याने कारभार हाती घेतला.

जे शिक्षणाने आपल्याला दिले, ते महाराजांनी रयतेपर्यंत पोहोचविले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १९१० पासून गावोगाव वाचनालये निघू लागली. १९१३ साली भीमराव आंबेडकर हा तरुण बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेला.

१९३९ मध्ये महाराज निवर्तले, १९४९ मध्ये संस्थानही विलीन झाले. बँक मात्र आजही उभी आहे, आणि त्या शिष्यवृत्तीधारकाने पुढे राष्ट्राच्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले.

लहान राज्याच्या हातून काय होणार, हा सूर गोमंतकात आम्ही वारंवार ऐकतो. बडोद्याच्या डोक्यावर तर परकी सत्ता होती. उणीव आकाराची नसते. माणसे घडविण्याच्या चिकाटीची असते, असे आम्हांस वाटते.