सावित्रीबाई फुले: माहेर तुटलेल्या बायकांची बाळंतपणं करणारी आई

दर 3 जानेवारीला आपल्या फीडवर सावित्रीबाई येतात. भिडेवाडा, 1848, अंगावर पडणारं शेण आणि पिशवीत ठेवलेली जादा साडी. एवढं आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे.

पण सावित्रीबाईंच्या आयुष्याचा एक मोठा भाग शाळेच्या नाही, बाळंतिणीच्या खोलीत गेला. स्वतःला मूल नसलेल्या या बाईनं कुणाच्या ना कुणाच्या बाळासाठी उभं राहायचं काम तीस-पस्तीस वर्षं केलं. त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. बोलतो तेव्हाही दोन काशीबाईंची गल्लत करतो. त्या गल्लतीकडे पुढे येऊच.

एक विहीर, एक खटला

सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीराव फुल्यांचे मित्र, सरकारी अधिकारी. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनी तिला फूस लावली आणि तिला दिवस गेले. मग त्यांच्याच सांगण्यावरून तिनं गर्भ पाडायची औषधं घेतली. त्यांचा उपयोग झाला नाही. नऊ महिन्यांनी मुलगा झाला. अब्रूच्या भीतीनं तिनं त्याला मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांत पोलिसांनी तिला पकडलं, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

ही हकीगत खुद्द जोतीरावांनी लिहून ठेवली आहे. 1884 मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य या विषयांवर टिपणं काढली. सरकारनं त्यावर मतं मागवली, तेव्हा 4 डिसेंबर 1884 च्या पत्रात जोतीरावांनी हे सगळं मांडलं. खटला संपताच आपण गंज पेठेतल्या आपल्याच आवारात असं घर सुरू केलं, स्वतःचा खर्च भागत नसतानाही, असं ते त्यात सांगतात. हेच ते 1863 चं बालहत्या प्रतिबंधक गृह. आज त्या भागाला महात्मा फुले पेठ म्हणतात.

घराच्या छापील जाहिराती ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवल्या होत्या. मतलब असा की विधवांनी इथे यावं आणि गुपचूप, सुखरूप बाळंत व्हावं. मूल सोबत न्यायचं की इथेच ठेवायचं, हे आईनं ठरवावं.

पुण्याच्या ज्या सनातनी मंडळींनी या माळी जोडप्याला छळलं, त्यांच्याच घरातल्या मुलींसाठी ही जाहिरात होती.

माहेरपण नावाची व्यवस्था

हे घर नेमकं कशाची जागा भरून काढत होतं, ते समजून घ्यायला हवं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आता हॉस्पिटल आलं तरी सातव्या महिन्यानंतर मुलगी आईकडे जातेच. आई, काकू, मावशी, आत्या, शेजारची एखादी जाणती आजी, असा बायकांचा गराडा बाळंतिणीभोवती असतो. कुणी बाळाला तेल लावून न्हाऊ घालतं, कुणी धुरी देतं, कुणी डिंकाचे लाडू वळतं. रात्री बाळ रडलं तर कुणीतरी उचलून खांद्यावर घेतं आणि आईला तासभर झोपू देतं. गुटी कशी उगाळायची, बाळ दूध ओढत नसेल तर काय करायचं, हे पुस्तकातून नाही, या गराड्यातून कळतं. पाचवी आणि बारसं ही या व्यवस्थेची सार्वजनिक बाजू. मूल झालंय, आणि ते आपलं आहे, हे सगळ्यांसमोर सांगायचं.

त्या काळच्या विधवेला दिवस गेले की या व्यवस्थेचे सगळे दरवाजे एकदम बंद व्हायचे. वर दिवस गेल्याचं कळलं तर तिची आईच हाय खायची. 1856 मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला होता, पण तो कागदावर. प्रत्यक्षात लहानपणी लग्न, न्हाण येण्याआधी नवरा वारलेला, मग केशवपन, आणि उरलेलं आयुष्य नातेवाइकांच्या किंवा परक्यांच्या स्वयंपाकघरात. अशा मुलीसमोर तीनच वाटा असायच्या. गर्भ पाडायचा, मूल मारायचं, नाहीतर जीव द्यायचा.

गंज पेठेतल्या त्या घरानं चौथी वाट उघडली. बाळंतपण म्हटल्यावर त्या वेळी पुरुषानं उंबऱ्याच्या आत यायचं नसायचं. म्हणजे जाहिरात कितीही जोतीरावांची असो, आतलं काम सावित्रीबाईंचंच.

35 आणि 5

त्याच पत्रात एक आकडा आहे, आणि तो वाचताना थांबावंच लागतं.

सुरुवातीपासून 1884 पर्यंत या घरात 35 गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी 5 जगली होती, 30 दगावली होती. कारणही जोतीरावांनी दिलंय. दिवस लपवण्यासाठी या बायकांनी आधीच विषारी औषधं घेतलेली असायची आणि त्यानं पोटातल्या गर्भाला इजा झालेली असायची.

साधा हिशोब करा. साधारण 21 वर्षांत 35 बायका, म्हणजे वर्षाला दोनसुद्धा नाहीत. एवढ्या मोठ्या शहराच्या मानानं हा आकडा लहान वाटेल. जाहिरात वाचायला आधी वाचता यायला हवं, आणि वाचता आलं तरी रात्रीच्या वेळी माळ्याच्या घराचं दार ठोठवायची हिंमत हवी. त्यातून ज्या आल्या त्या बहुतेक सगळे उपाय करून थकल्यावर आल्या.

आणि ज्या बाईनं त्यांना सांभाळलं तिच्या बाजूनं पाहिलं तर? सातपैकी सहा वेळा बाळ गेलेलं. तरी पुढची बाई आली की पुन्हा पाणी तापवायचं, पुन्हा तिच्या उशाशी बसायचं. शेण झेलण्याची गोष्ट आपण पुन्हापुन्हा सांगतो, कारण ती डोळ्यांसमोर चटकन उभी राहते. मला विचाराल तर ही त्याहून अवघड होती.

सावित्रीबाई हे कुठून शिकल्या?

याचं उत्तर फुल्यांच्या घरातच आहे. जोतीराव वर्षभराचेही नव्हते तेव्हा त्यांची आई चिमणाबाई वारली. त्यांना वाढवलं ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई स्वतः बालविधवा होत्या आणि एका मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळायचं काम करायच्या. 1840 मध्ये नायगावची नऊ वर्षांची सावित्री सून म्हणून आली, तेव्हा घरात आईच्या जागी होत्या त्या सगुणाबाई. मूल जन्माला न घालताही आई होता येतं, याचं चालतंबोलतं उदाहरण तिनं लहानपणापासून पाहिलं.

दुसरं नाव फातिमा शेख यांचं. 1849 मध्ये सासऱ्यांनी घराबाहेर काढल्यावर फुले जोडपं उस्मान शेख यांच्याकडे राहिलं. तिथल्या फातिमा शाळेच्या कामात सोबत होत्या. ऑक्टोबर 1856 मध्ये आजारी सावित्रीबाई नायगावला माहेरी होत्या. तिथून लिहिलेल्या पत्रात त्यांना चिंता होती ती फातिमाची. आपल्या गैरहजेरीत सगळा भार तिच्यावर पडत असेल आणि ती कुरकुरही करणार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. एकीनं आजारी पडायचं आणि दुसरीनं न सांगता काम उचलायचं, ही रीत त्या घरात आधीपासून होती.

सहा महिन्यांची गरोदर शारजा

29 ऑगस्ट 1868 ला नायगावहूनच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आणखी एक प्रसंग आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरायचा. शारजा नावाच्या महार मुलीवर त्याचं प्रेम बसलं. ती सहा महिन्यांची गरोदर राहिली तेव्हा गावाला कळलं. लोकांनी दोघांना मारत, गावातून मिरवत नेलं. बेत जिवे मारण्याचा होता.

सावित्रीबाई माहेरी असलेल्या एकट्या बाई. त्या त्या गर्दीत घुसल्या. इंग्रजांच्या कायद्यात खुनाची काय शिक्षा आहे, याची आठवण करून देऊन त्यांनी लोकांना थांबवलं. मग दोघांनाही पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिलं.

बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. पोटुशी बाई दिसली की आधी तिला सुरक्षित जागी न्यायचं, हे सावित्रीबाईंच्या अंगवळणी पडलेलं असणार.

दुसरी काशीबाई

आता त्या गल्लतीकडे. अनेक व्हायरल पोस्टमध्ये सांगतात की जोतीरावांनी वाचवलेल्या काशीबाईचा मुलगा म्हणजे यशवंत. आणि त्याच पोस्टमध्ये काळ्या पाण्याच्या शिक्षेचाही उल्लेख असतो. दोन्ही एकाच बाईबद्दल खरं असू शकत नाही. शिक्षा झालेली काशीबाई 1863 च्या आधीची आणि तिचं बाळ मेलं. यशवंतचा जन्म 1874 च्या सुमाराचा. त्याच्या आईचं नावही काशीबाईच सांगितलं जातं, पण ती वेगळी, पहिलीनंतर दहा-अकरा वर्षांनी या घरात आलेली.

पहिलीला कुठेच जाता आलं नाही, म्हणून ते घर उभं राहिलं. ते घर होतं म्हणून दुसरीचं बाळ जगलं. 1884 च्या पत्रातल्या त्या पाचांमध्ये यशवंतही धरलेला असणार.

सावित्रीबाईंना मूल नव्हतं. दुसरं लग्न करा, असं दडपण जोतीरावांवर आलं आणि त्यांनी ते झिडकारलं. पुढे दोघांनी यशवंतला दत्तक घेतलं. ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेलं, बाप कोण ते नाव नसलेलं मूल माळ्याच्या घरात लेक म्हणून वाढलं. 1887 मध्ये केलेल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केलं.

घरात तो एकटाच नव्हता. शिकायला आलेली मुलं फुल्यांकडे राहायची. 1876-77 च्या दुष्काळात पोरांना जेवू घालायला अन्नछत्रं निघाली, तेव्हा सावित्रीबाई जुन्नर-ओतूरच्या भागात फिरत होत्या. जोतीरावांचे सहकारी महादू सहादू वाघोले यांनी आठवणींत नोंदवलंय की फाटक्या लुगड्यातली बाई दिसली की सावित्रीबाई घरातलं लुगडं देऊन टाकायच्या. खर्च वाढतोय, जरा बेतानं, असं जोतीराव म्हणायचे. त्या हसायच्या.

सून घरी येते

यशवंतचं लग्न 4 फेब्रुवारी 1889 ला ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी, राधाशी, सत्यशोधक पद्धतीनं झालं. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी राधाला घरी राहायला आणलं होतं, दोघांची ओळख व्हावी म्हणून. आणि तिला शिकायला वेळ मिळावा म्हणून घरकाम स्वतः उचललं, असं चरित्रकार सांगतात. 1889 मधली सासू ही. आजही कितीजणींच्या वाट्याला अशी येते, ते तुमच्या कमेंटमध्ये वाचायला आवडेल.

28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला. टिटवं धरणारा वारस ठरतो, आणि दत्तक यशवंतला तो मान द्यायची त्यांची तयारी नव्हती. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवं स्वतः हातात घेतलं. एक विधवा नवऱ्याच्या प्रेतापुढे चालली. त्या काळात बायका स्मशानातही जात नसत.

1895 मध्ये राधा गेली.

मुंढव्याचा पांडुरंग

1897 च्या सुरुवातीला पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. यशवंत डॉक्टर होऊन लष्करात नोकरीला होता. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि गावाबाहेर, हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू करायला लावला. त्या तेव्हा 66 वर्षांच्या होत्या. रोगी शोधून दवाखान्यात आणायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं. लोक प्लेगच्या रोग्याच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि तसंच दवाखान्यापर्यंत आणलं. मुलगा बरा झाला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

या वेळी टिटव्याचा वाद झाला नाही. अंत्यसंस्कार यशवंतनं केले.