मोलिएर आणि त्याचा इटालियन गुरु

मंद्रूप व आसपासच्या गांवीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. आपल्या या भागांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा एकाच बाजारांत सुखानें नांदतात. जत्रेच्या रात्रीं कानडी खेळ उभा राहिला म्हणजे ज्या पोरांना कानडीचा एक शब्दही येत नाहीं तीं देखील सर्वांच्या पुढें जागा धरून बसतात, आणि सोंगाड्या आला कीं इतरांबरोबर पोट धरून हंसतात. अशाच एका मुलास आम्ही दुसऱ्या दिवशीं विचारलें कीं, भाषा येत नसतां तुला काय समजलें? त्यानें तोंडानें कांहीं उत्तर न देतां त्या सोंगाड्याची चाल वर्गाबाहेरच्या ओटीवर चालून दाखविली. आणि ती इतकी हुबेहूब होती कीं आम्हांस रागावावयाचें होतें तें राहूनच गेलें.

फ्रान्स देशाचा सुप्रसिद्ध नाटककार मोलिएर याचें चरित्र वाचीत असतां आम्हांस या मुलाची आठवण झाली. कारण, नाटकें लिहिण्याच्या कामीं ज्याचें नांव शेक्सपियरच्या जोडीनें घेतात, तो हा पुरुष आपल्या विद्येचा मोठा भाग परक्या भाषेंत बोलणाऱ्या नटांच्या शेजारीं राहून, त्यांच्या हातापायांकडे व चेहऱ्याकडे पाहून शिकला. मिशन शाळेच्या वार्षिकांत नटाचें चरित्र कां, असा प्रश्न कांहीं पालकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर पुढें ओघानें येईलच.

मोलिएरचें मूळ नांव झाँ बातिस्त पोकलँ. त्याचा बाप्तिस्मा पॅरिस शहरीं ता. १५ जानेवारी १६२२ रोजीं झाला. बाप गाद्या, पडदे, बैठकी इत्यादि घरसामानाचा व्यापारी असून पुढें राजवाड्यांतील त्याच कामाचा मानाचा हुद्दा त्यानें मिळविला होता. हा हुद्दा वडील मुलाकडे चालावा अशी त्याची स्वाभाविक इच्छा. मुलगा दहा वर्षांचा असतां आई वारली. बापानें मुलाच्या शिक्षणांत कसूर केली नाहीं; जेझुइट पाद्र्यांच्या क्लेर्मों या नामांकित विद्यालयांत त्यास घातलें, आणि पुढें त्यानें कायद्याचाही अभ्यास केला असें सांगतात. म्हणजे विद्या होती, पैसा होता, राजदरबारीं शिरावयास तयार वाट होती. हें सर्व सोडून वयाच्या एकविसाव्या वर्षीं, इ. स. १६४३ सालीं, मादलेन बेजार नांवाची नटी, तिचीं भावंडें व आणखी कांहीं स्नेही यांच्याबरोबर त्यानें एक नाटक मंडळी काढली. घराण्याच्या नांवास बट्टा लागूं नये म्हणूनच कीं काय, लौकरच त्यानें मोलिएर हें नांव धारण केलें.

या मंडळीचें नांव मोठें व पदरीं प्रेक्षक थोडे, असा प्रकार झाला. मोलिएरला त्या वेळीं शोकनाटकांतील राजे व वीर यांच्या भूमिका करण्याची हौस होती, आणि तींच कामें त्यास साधत नसत. दोन वर्षांत कर्ज इतकें वाढलें कीं १६४५ सालीं सावकारांनीं त्यास तुरुंगांत टाकलें. सुटून आल्यावर मंडळीनें पॅरिस सोडलें, तें सुमारें तेरा वर्षें. या काळांत बैलगाड्यांवर सामान लादून हे लोक फ्रान्सच्या दक्षिण भागांत गांवोगांव फिरले. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांचे हाल ज्यांनीं वडील माणसांच्या तोंडून ऐकले असतील त्यांस अधिक सांगण्याची गरज नाहीं. काँती नांवाच्या एका राजपुत्राचा आश्रय त्यांस कांहीं काळ मिळाला. पण हा राजपुत्र पुढें अत्यंत धर्मनिष्ठ बनला, त्यानें आश्रय काढून घेतला, आणि नाटकाच्या विरुद्ध एक ग्रंथही लिहिला.

या फिरतींत मोलिएरची इटालियन नाटकांशीं ओळख झाली. ल्यों शहर इटलीच्या वाटेवरचें. तेथें त्या देशचे नट वारंवार येत. १६५५ च्या सुमारास तेथें त्याचें पहिलें मोठें विनोदी नाटक रंगभूमीवर आलें, तें एका इटालियन नाटकावरूनच रचलेलें होतें. पुढच्याच वर्षीं बेझिए गांवीं दुसरें झालें, तेंही तसेंच. या उसनवारीबद्दल त्यास दोष देणारे टीकाकार त्या काळींही होते. आमच्या मतें ज्यानें परक्याचें घेऊन तें आपल्या मातींत रुजविलें त्याला चोर म्हणणें योग्य नव्हे.

ता. २४ ऑक्टोबर १६५८ हा दिवस त्याच्या आयुष्यांत मोठा ठरला. त्या दिवशीं तरुण राजा चौदावा लुई याच्यासमोर मंडळीस खेळ करावयास मिळाला. प्रथम कोर्नेय या महाकवीचें गंभीर नाटक झालें. त्यानें कोणाचें मन फारसें हाललें नाहीं. तेव्हां मोलिएरनें पुढें येऊन नम्रपणें विनंति केली कीं, खेडोपाडीं करून दाखविलेला एक लहानसा फार्स महाराजांनीं पाहावा. फार्स झाला, राजा हंसला, आणि मंडळीस पॅरिसमध्यें राहण्याची परवानगी व खेळ करण्यास पती बूर्बों नांवाचें राजाचें नाटकगृह मिळालें. मात्र तें एकट्यास नव्हे. तेथें अगोदरपासून एक इटालियन मंडळी होती. रविवार, मंगळवार व शुक्रवार हे गर्दीचे वार इटालियनांचे. उरलेले दिवस मोलिएरचे, आणि त्याबद्दल दीड हजार लिव्र इतकी रक्कम त्यानें इटालियनांस भरावयाची, असें ठरलें.

पैशाच्या दृष्टीनें हा सौदा कडूच होता. परंतु मोलिएरला यांतून जी शाळा लाभली तिची फी दीड हजार लिव्र म्हटली तर ती फार थोडी झाली.

या इटालियन नटांच्या कलेविषयीं येथें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. यांच्या नाटकांस लिहिलेलीं भाषणें नसत. कथानकाचा नुसता सांगाडा एका कागदावर लिहून पडद्यामागें लावून ठेवीत. कोणी केव्हां यावें, कोणाशीं भांडावें, केव्हां जावें, एवढेंच त्यांत असे. बाकी सर्व नटानें आयत्या वेळीं निर्माण करावयाचें. पात्रें ठरलेलीं असत: कंजूष म्हातारा व्यापारी, पोकळ पांडित्य मिरविणारा डॉक्टर, फुशारकी मारणारा भित्रा शिपाई, भुकेलेला व उचापती नोकर. बहुतेकांच्या तोंडावर चामड्याचा मुखवटा असे. म्हणून राग, भूक, भीति, लोभ हें सर्व मानेनें, पाठीनें, गुडघ्यांनीं व पावलांनीं दाखवावें लागे. शिवाय हे लोक पॅरिसमध्यें इटालियन भाषेंतच बोलत, आणि ज्यांना ती येत नाहीं असे शेंकडों फ्रेंच प्रेक्षक समोर बसलेले असत. शब्द जेथें पांगळा झाला तेथें शरीरास बोलणें भाग पडलें. आमच्या मंद्रूपच्या त्या विद्यार्थ्यास हें रहस्य पुस्तकावांचून कळलें होतें.

या मंडळीचा प्रमुख तिबेरिओ फ्योरिल्ली हा नेपल्सकडील होता. त्याची स्कारामूश ही भूमिका इतकी गाजली कीं लोक त्यास त्याच नांवानें ओळखीत. तो मुखवटा घालीत नसे. चेहऱ्यास पांढरी पूड फांशी, काळा पोशाख करी, आणि चेहऱ्याच्या हालचालींनींच प्रेक्षकांस खिळवून ठेवी. खुर्चीवर बसून एक शब्दही न बोलतां पाव तासपर्यंत केवळ भीतीचे निरनिराळे प्रकार दाखवून त्यानें लोकांस हंसवून बेजार केल्याचें त्याच्या एका सहकारी नटानें नमूद केलें आहे. ऐशीं वर्षांच्या वयांतही तो पायानें दुसऱ्याच्या थोबाडींत मारूं शके असें म्हणतात. शारीरिक शिक्षणाच्या तासाला कांकूं करणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं एवढें वाक्य पुन्हां एकदां वाचावें.

या माणसापासून मोलिएर काय शिकला याचा पुरावा मोठ्या मौजेचा आहे, कारण तो त्याच्या शत्रूनेंच दिला आहे. १६७० सालीं मोलिएरची नालस्ती करण्याकरितां एकानें नाटक लिहून छापलें. त्यांत मोलिएरच्या नांवाचीं अक्षरें उलटसुलट करून एलोमीर असें पात्र केलें होतें. पुस्तकाच्या आरंभीं एक चित्र आहे: स्कारामूश हातांत चाबूक घेऊन गुरुजीप्रमाणें उभा आहे, आणि त्याच्यासमोर एलोमीर आरसा धरून गुरूच्या चेहऱ्याची नक्कल करीत आहे. लेखकाचा हेतु हा कीं, लोकांनीं म्हणावें, अरे, हा तर एका विदेशी विदूषकाचा चेला! पण आज तें चित्र पाहणारास वाटतें तें निराळेंच. चाळिशीकडे झुकलेला, स्वतःची मंडळी चालविणारा, राजाची मर्जी संपादन केलेला मनुष्य आरसा घेऊन पुन्हां विद्यार्थी झाला, यापेक्षां मोठी स्तुति शिक्षकाच्या दृष्टीनें दुसरी कोणती असेल?

१६५९ च्या जुलैंत इटालियन मंडळी स्वदेशीं गेली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मोलिएरनें नटव्या बायकांच्या कृत्रिम भाषेची थट्टा करणारें एक लहानसें नाटक आणलें, व सारें पॅरिस त्याकडे लोटलें. त्यांत त्यानें केलेल्या नोकराच्या नांवाच्या मुळाशींच मुखवट्याचा शब्द आहे. पुढच्या वर्षीं तो संशयी नवऱ्याची भूमिका घेऊन आला. एका तसबिरीवरून नवऱ्यास बायकोचा व बायकोस नवऱ्याचा संशय येतो, असें त्याचें कथानक. वाचक येथें ओळखीचें हंसतील. हीच गोष्ट मर्फी नांवाच्या इंग्रजी नाटककारानें घेतली, आणि त्याच्या नाटकावरून गोविंद बल्लाळ देवल यांनीं आपला फाल्गुनराव निर्माण केला; १६६० सालचा तो फ्रेंच नवरा १९१६ सालीं संगीत संशयकल्लोळ होऊन मराठी रंगभूमीवर आला. त्याच्याच कंजुषाच्या नाटकावरून आचार्य अत्रे यांनीं कवडीचुंबक लिहिलें. तेव्हां मोलिएर आपणांस अगदींच परका नाहीं.

१६६२ च्या सुमारास इटालियन मंडळी परत आली, आणि पाले रॉयाल या नव्या नाटकगृहांत हे दोघे पुन्हां शेजारी झाले. या खेपेस मात्र मोलिएर यजमान व इटालियन भाडेकरी होते. शेजार पुढें मोलिएरच्या मरणापर्यंत टिकला.

आतां त्या कठीण प्रसंगाकडे वळूं. १६६४ च्या मे महिन्यांत मोलिएरनें व्हर्साय येथें राजापुढें तार्त्युफ हें नाटक केलें. धर्माचें सोंग घेऊन एका भाविक गृहस्थाच्या घरांत शिरणारा, त्याची मालमत्ता व बायकोही बळकावूं पाहणारा ढोंगी मनुष्य त्यांत रंगविला आहे. पाद्री मंडळी खवळली. एकानें तर लेखकास जाळून टाकावें असें छापून टाकलें. राजानें नाटक बंद केलें. १६६७ सालीं तें बदलून पुन्हां आणलें, तेव्हां पॅरिसच्या आर्चबिशपनें तें पाहणारास, वाचणारास किंवा ऐकणारास मंडळीबाहेर टाकण्याची धमकी दिली. शेवटीं १६६९ च्या फेब्रुवारींत परवानगी मिळाली. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहों, आणि प्रार्थनेच्या वेळीं डोळे मिटून दुसऱ्याच्या पाकिटाचा विचार करणारीं माणसें आमच्याही पाहण्यांत आलीं आहेत. प्रभूनें सर्वांत कडक शब्द दांभिकांकरितांच राखून ठेवले होते, हें शुभवर्तमान वाचणारास ठाऊक आहे. तरीही, त्या पाद्र्यांपैकीं सर्वच ढोंगी होते असें आम्ही म्हणणार नाहीं. खऱ्या भक्ताचें व खोट्या भक्ताचें बाह्य रूप एकच असतें. एकास हंसतां हंसतां लोक दुसऱ्यासही हंसूं लागतील, ही त्यांची भीति प्रामाणिक असूं शकेल. पण त्या भीतीचा उपयोग एका माणसाविरुद्ध ज्या रीतीनें झाला ती रीत आम्हांस समर्थनीय वाटत नाहीं.

मोलिएर कित्येक वर्षें छातीच्या विकारानें आजारी होता. खोकल्याची उबळ आली म्हणजे ती तो भूमिकेंतच मिसळून टाकी. १६७३ च्या फेब्रुवारींत त्यानें आपलें शेवटचें नाटक रंगभूमीवर आणलें. त्याचा नायक धडधाकट असून आपण आजारी आहों असें समजणारा. आणि ही भूमिका करणारा खरोखरच मरणाच्या दारीं. ता. १७ रोजीं चौथा प्रयोग होता. घरच्यांनीं व स्नेह्यांनीं त्या दिवशीं खेळ बंद ठेवण्यास सांगितलें; पण एका दिवसाचा खेळ बुडाला तर रोजावर काम करणाऱ्या पन्नास गरिबांनीं काय खावें, असें म्हणून त्यानें तें मानलें नाहीं, अशी हकीकत त्याच्या जुन्या चरित्रकारानें दिली आहे. शेवटच्या प्रवेशांत त्यास झटका आला. त्यानें तो हंसण्याच्या आविर्भावांत झांकला, आणि प्रयोग पुरा केला. स्कारामूशजवळ शिकलेली विद्या ती हीच.

त्याच रात्रीं घरीं त्याचा अंत झाला. त्यानें पाद्र्यास बोलावणें पाठविलें होतें. दोघांनीं येण्याचें नाकारलें. तिसरा आला, पण उशिरा. जवळ दोन जोगिणी होत्या, त्यांनीं त्याच्यासाठीं प्रार्थना केली. फ्रान्समध्यें त्या काळीं नटानें आपला धंदा सोडल्याचें मरणापूर्वीं कबूल केल्याशिवाय त्यास ख्रिस्ती रीतीनें मूठमाती मिळत नसे. मोलिएरला तें करण्यास वेळच मिळाला नाहीं. ज्या सेंट युस्ताश मंडळींत त्याचा बाप्तिस्मा झाला तिच्याच पाळकानें प्रेत घेण्याचें नाकारलें. त्याची विधवा आर्मांद हिनें आर्चबिशपकडे अर्ज केला, राजाकडेही दाद मागितली. राजाचा शब्द पडला तेव्हां परवानगी आली. पण रात्रींच्या वेळीं, थाटमाटाशिवाय, व प्रेत मंदिरांत न नेतां. चार दिवसांनीं, ता. २१ च्या रात्रीं, सेंट जोसेफच्या दफनभूमींत त्यास पुरण्यांत आलें.

गुरु फ्योरिल्ली शिष्याच्या मागें एकवीस वर्षें जगला व १६९४ सालीं पॅरिस येथेंच वारला. मोलिएरची मंडळी इतर नटांशीं एक होऊन १६८० सालीं फ्रान्सचें राष्ट्रीय नाटकगृह स्थापन झालें, आणि लोक त्यास मोलिएरचें घर म्हणूं लागले. इटालियन मुखवट्याची विद्या मध्यंतरीं लुप्तप्राय झाली होती. १९४८ सालीं झाक लकॉक हा फ्रेंच व्यायामशिक्षक पादुआ शहरीं थोड्या महिन्यांसाठीं म्हणून गेला तो आठ वर्षें इटलींत राहिला, आणि परत येऊन १९५६ सालीं त्यानें पॅरिसमध्यें शरीराच्या अभिनयाची शाळा काढली. तिला देशोदेशींचे विद्यार्थी येऊं लागले.

ज्या खुर्चीवर बसून मोलिएरनें ता. १७ ची ती शेवटची भूमिका केली, ती खुर्ची त्या राष्ट्रीय नाटकगृहांत जपून ठेविलेली आहे. तिचें चामडें जीर्ण झालें आहे.