आठ रुपये

विद्येला मोल नाही असे आपण म्हणतो. परंतु विद्या मिळविण्यासाठी मात्र मोल द्यावे लागते. फी, पुस्तके, दोन वेळचे जेवण, राहण्याची जागा, रात्री वाचण्यासाठी दिव्याला तेल, या साऱ्यांसाठी पैसा लागतो. तो कोणाच्या कष्टातून येतो, याची जाणीव ज्यांनी जन्मभर ठेवली, अशा थोर पुरुषांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची गणना होते.

गोखले यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळील कागल येथे नोकरीस होते. मिळकत बेताची, तरी घर सुखाने चालले होते. पण 1879 साली कृष्णराव अकस्मात वारले. त्या वेळी गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंद अठरा वर्षांचा. तोही शिकतच होता. घरात दोघांच्या शिक्षणापुरता पैसा उरला नव्हता. तेव्हा गोविंदरावांनी आपली पुस्तके मिटली आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. धाकट्या भावाने तरी शिकावे, हा त्यांचा निश्चय होता.

त्या पंधरा रुपयांतून आठ रुपये दरमहा कोल्हापुरास गोपाळकडे जात. उरलेल्या सात रुपयांत गोविंदराव सारा संसार चालवीत. मोठा वाटा शिकणाऱ्याला आणि लहान वाटा घराला, अशी ही वाटणी होती. गोपाळ लहान असला तरी त्या आठ रुपयांची किंमत त्याला पुरती ठाऊक होती. तो आपल्या हाताने स्वयंपाक करी आणि पै-पैचा हिशेब ठेवी. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. एकदा एका मित्राने त्याला नाटकास नेले. गोपाळला वाटले, मित्र आपल्याला प्रेमाने नेत आहे. परंतु पुढे त्या मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने ते निमूटपणे दिले. मात्र ते दोन आणे भरून कसे काढावयाचे? भावाकडे अधिक मागणे त्याच्या मनास येईना. त्याने दिव्याच्या तेलात काटकसर केली आणि रस्त्यावरच्या कंदिलाखाली बसून आपला अभ्यास चालू ठेवला.

1881 साली गोपाळ मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. आता आपणही नोकरी धरावी आणि भावाचा भार हलका करावा, असे त्याच्या मनाने घेतले. महाविद्यालयाचा खर्च शाळेहून कितीतरी अधिक. तो पंधरा रुपयांत कसा भागणार? पण गोविंदराव ऐकेनात. त्यांच्या पत्नीने तर आपले मोजके दागिने दिराच्या शिक्षणासाठी काढून दिले. त्या माउलीला स्वतःला महाविद्यालय कसे असते हे पाहावयास मिळाले नव्हते. तरीही तेथील खर्चाला तिने हातभार लावला.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्या काळी पदवीपर्यंतचे संपूर्ण शिक्षण मिळत नसे. म्हणून गोपाळला काही काळ पुण्यास व शेवटी मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात जावे लागले. मोठ्या शहरात खर्चही मोठा! परंतु तेथे त्याच्या परिश्रमास फळ आले. त्याला दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ही रक्कम गोविंदरावांच्या साऱ्या पगाराहून अधिक होती! 1884 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गोपाळ बी. ए. झाला.

पदवीधर माणसाला त्या काळी मोठ्या पगाराची नोकरी मिळत असे. वकिलीत तर पैसा आणि मान दोन्ही होते. घरच्यांनी इतके सोसल्यावर त्यांनी तशी आशा बाळगली असती, तर त्यात वावगे काय होते? गोखल्यांपुढे हा मोठाच पेच होता. भावाचे ऋण तर फेडावयाचे होते. पण ज्या शिक्षणाने आपण वर आलो, ते इतरांना स्वस्तात मिळवून देणे हेही त्यांना आपले कर्तव्य वाटत होते. 1885 साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. पुढे ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. तेथे वेतन केवळ पंच्याहत्तर रुपये होते. त्यांनी भावाच्या कुटुंबालाही अंतर दिले नाही आणि फर्ग्युसन महाविद्यालयाच्या इमारतीसाठी दारोदार हिंडून निधीही गोळा केला. 1902 साली ते त्या संस्थेच्या सेवेतून निवृत्त झाले.

त्यानंतर ते कलकत्त्यास सरकारच्या मध्यवर्ती कायदेमंडळात काम करू लागले. तेथे त्यांनी 16 मार्च 1911 रोजी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याविषयीचे विधेयक मांडले. त्यातील एक कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्या पालकाची मिळकत दरमहा दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्या मुलाकडून फी घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. दहा रुपयांत घर कसे चालते आणि त्यातून फी काढणे किती कठीण असते, हे गोखल्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. 1912 साली विधेयकावर मत घेण्यात आले. बाजूने 13 आणि विरुद्ध 38 मते पडली. विधेयक फेटाळले गेले. पण गोखले खचले नाहीत.

19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांनी पाहिलेले स्वप्न साकार होण्यास बराच काळ लागला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा भारतात 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.

मुलांनो, आज गरजू विद्यार्थ्यांना फीची सवलत मिळते, शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. असा अर्ज करण्यात कमीपणा नाही. पण हाती आलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी श्रमाचा असतो, हे मात्र विसरू नये. गोपाळने ते आठ रुपये जन्मभर लक्षात ठेवले आणि ज्यांना त्याने कधी पाहिलेही नव्हते, अशा लाखो मुलांसाठी झटून त्यांची परतफेड केली.