देहूचे वाणी तुकोबा आणि त्यांची जिजाई

आपल्या पंढरपुरात तुकोबांचे नाव ठाऊक नाही असे घर सापडणार नाही. आषाढीला त्यांची पालखी वाखरीहून निघाली, की आपण साऱ्याजणी हातातली कामे टाकून दर्शनाला धावतो. परंतु हे संत आधी चांगला चालता धंदा असलेले वाणी होते, हे भक्तीच्या भरात आपण विसरतो. म्हणून त्यांच्या व्यापाराविषयी आणि त्यांच्या घरच्या माउलीविषयी मंडळाच्या स्मरणिकेत चार शब्द लिहावे असे मला वाटले.

तुकोबांचा जन्म १६०८ साली देहूस झाला असे मानतात. कूळ मोरे, आडनाव आंबिले. वडील बोल्होबा, आई कनकाई. गावच्या पेठेची महाजनकी घराण्याकडे होती. दुकान, शेतीवाडी, सावकारी, कशालाच तोटा नव्हता. पूर्वज विश्वंभरबोवांपासून विठ्ठलाचे देऊळ घरचे आणि पंढरीची वारीही घरचीच. थोरले भाऊ सावजी विरक्त वृत्तीचे. त्यांनी कारभार नको म्हटल्यावर तेराव्या वर्षीच तो तुकोबांच्या अंगावर पडला, आणि त्यांनी तो नीट चालवला. पहिली पत्नी रखुमाबाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई दुसरी केली. सावकाराची लेक, चांगल्या सुखात वाढलेली. तिलाच आवली असेही म्हणतात.

पुढे आईवडील गेले, भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. सावकारीचे गणित आपण बायकाही जाणतो. पेरणीला दिलेले सुगीला परत यायचे. सुगीच आली नाही, तर देणाऱ्याच्या पेटीत नुसते कागद उरतात. तुकोबांचे तसेच झाले. धंदा बसला, दिवाळे निघाले, पेठेतली पत गेली. रखुमाबाई अन्नावाचून गेल्या आणि त्यांच्यामागे लहानगा संतूही गेला. ज्यांच्या दुकानात गावाचे धान्य मापले जाई, त्यांच्याच घरात ही वेळ आली!

त्यानंतर तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे भाऊ कान्होबा शोधत शोधत तेथे पोहोचले आणि त्यांना इंद्रायणीकाठी घेऊन आले. तेथे तुकोबांनी कर्जाचे सारे कागद मागवले. ते बुडवायचा त्यांचा विचार होता. परंतु कान्होबांना आपला संसार चालवायचा होता. तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाला दिला आणि स्वतःचा तेवढा नदीत सोडला. माझ्या मते साऱ्या चरित्रातली ही फार मोठी गोष्ट आहे. त्यांनी दान केले ते आपल्या हक्काचे, दुसऱ्याच्या ताटातले नव्हे. शिवाय दुष्काळाने पिचलेल्या किती घरांवरचे ओझे त्या दिवशी उतरले असेल! पडके देऊळ त्यांनी दुरुस्त केले आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर ते नामचिंतनात रमू लागले.

आता जिजाईकडे वळू. तिला कजाग म्हणून हसण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. परंतु विचार करा, मुले जेवायला मागत आहेत आणि घरधनी डोंगरावर! तिने आपल्या नावावर कर्ज काढून त्यांना पुन्हा व्यापाराला पाठवले, तर नफ्यासकट ती रक्कम त्यांनी वाटेत एका कर्जात अडकलेल्या ब्राह्मणाला देऊन टाकली, अशी कथा महिपतींनी सांगितली आहे. अशा वेळी आपल्यापैकी कोण गप्प बसली असती? मी तरी बसले नसते. तरीही ती भाकरी बांधून डोंगर चढे आणि त्यांना खाऊ घातल्याशिवाय स्वतः जेवत नसे. तुकोबांना देव सापडला, पण चूल तिने पेटती ठेवली. भक्तीची अर्धी पुण्याई तिच्या पदरात घातली पाहिजे.

धंदा सोडला तरी तुकोबांची वाण्याची नजर गेली नाही. माप, मुद्दल, भांडवल, नाणे पारखणे हे सारे त्यांच्या अभंगांत भेटते. त्या अभंगांच्या वह्याही एकदा इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्या तेराव्या दिवशी तरून आल्या अशी श्रद्धा आहे. पहिले कागद बुडाले ते बुडालेच, वह्या मात्र लोकांच्या मुखी तरल्या. ज्यांनी विरोध केला ते रामेश्वरभट्टही पुढे त्यांचे शिष्य झाले. शिऊरच्या बहिणाबाईंनी घरचा जाच सोसून त्यांनाच गुरू मानले.

असे दुसऱ्या धर्मांतही घडले आहे. इटलीतल्या असिसी गावच्या श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस. त्याने ख्रिस्तासाठी बापाची संपत्ती सोडली आणि महारोग्यांची सेवा केली. तो १२२६ साली वारला. आपले कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. देव कोणत्याही नावाने हाक मारो, खरी मिळकत ओळखणाऱ्या माणसांची जात एकच म्हणायची.

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले. तेव्हा जिजाईच्या पोटात नारायण होता. बापाचे तोंडही न पाहिलेल्या या मुलाने १६८५ साली पालखी सुरू केली. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका तो पंढरीस घेऊन येऊ लागला. जिजाईने हालात वाढवलेल्या लेकराने बापाचे नाव असे आपल्या दारापर्यंत आणले.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींची घरे दुकानावर चालतात. दुकान बंद करा असे तुकोबांचे चरित्र सांगत नाही. माप खरे ठेवा, दुसऱ्याचा वाटा दुसऱ्याला द्या आणि नडलेल्याची उधारी वसूल करताना त्याच्या घरातली चूल पेटली आहे का, ते आधी पाहा, एवढे मात्र ते नक्की सांगते. येत्या आषाढीला पालखीपुढे हात जोडाल, तेव्हा एक नमस्कार जिजाईलाही करा.