श्रमाचे मोल

छत्रपती संभाजीनगर हे शहर पूर्वी औरंगाबाद या नावाने ओळखले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेथे महाविद्यालय सुरू केले. हेच नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय होय. मराठवाड्यातील मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुलांना त्यामुळे उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. या मुलांच्या आईबापांसारख्या श्रमिकांसाठीही बाबासाहेब झटले होते. परंतु ती हकीकत थोड्यांनाच ठाऊक असते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत राहावयास आले. भोवती सारी गिरणी कामगारांची वस्ती. एकाच खोलीत स्वयंपाक, निजणे आणि भीमरावांचा अभ्यास चाले. परदेशांतून अर्थशास्त्राच्या श्रेष्ठ पदव्या संपादन करून आल्यावरही कित्येक वर्षे त्यांनी परळची चाळ सोडली नाही. मजुरांची दैना त्यांनी पुस्तकांत वाचली, त्याहून अधिक शेजारी पाहिली.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते त्यांच्याकडे आले. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडील कोळशाच्या खाणी पाहण्यास ते गेले, तेव्हा स्वतः खाणीत उतरले. पुढल्याच महिन्यात खाणकामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारण्याचा वटहुकूम निघाला. १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले.

गिरण्यांतील कामगारांना निदान आपली संघटना होती. विडी वळणारे, खडी फोडणारे, कातडी कमावणारे, शेतात राबणारे यांना कोण वाली? घरी चूल पेटावयाची असली म्हणजे माणूस मिळेल त्या मजुरीस मान डोलावतो. त्याला घासाघीस करण्याचे बळ कोठून येणार? यासाठी ११ एप्रिल १९४६ रोजी बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. त्याच वर्षी त्यांचे ते पद गेले. पुढे जगजीवनराम मजूरमंत्री असताना हा कायदा संमत होऊन १५ मार्च १९४८ पासून अमलात आला.

सरकारने कायद्यात नोंदलेल्या धंद्यांसाठी मजुरीचा किमान दर ठरवावा, फार तर पाच वर्षांनी तो पुन्हा तपासावा, कामाचे तास व आठवड्याची सुट्टी नेमून द्यावी, अशी त्यात तरतूद होती. एक कलम तर फारच मोलाचे होते. मजुराने त्याहून कमी पैशांच्या करारावर अंगठा उठविला, तरी तो करार रद्दच समजावयाचा! गरजू माणसाच्या संमतीला किती अर्थ असतो, हे त्या कलमाने नेमके ओळखले होते.

शेतमजुरांचे काम मात्र सर्वांत अवघड ठरले. गावोगावच्या शेतांवर कोण किती राबला, याची नोंद ठेवणार कोण? त्यांचे दर ठरविण्याची मुदत सरकारला पुनःपुन्हा वाढवून घ्यावी लागली.