विजेची पेटी घेऊन फिरणारे डॉक्टर



गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा अर्धांगवायूमुळे फिजिओथेरपीला जाणारी एखादी तरी व्यक्ती आपल्या घरात किंवा शेजारीपाजारी असतेच. परत आल्यावर ती सांगते, आज डॉक्टरांनी करंट लावला. ओलसर पॅड कातडीवर ठेवायचे, बटण हळूहळू फिरवायचे, मग मुंग्या आल्यासारखे होते आणि आपण काही न करता स्नायू उडू लागतो. काहींना याची भीती वाटते, काहींना गंमत वाटते. हा करंट माणसाच्या नेमक्या एका स्नायूवर कसा लावायचा हे ज्यांनी आयुष्य खर्ची घालून शोधले, त्या फ्रेंच डॉक्टरांची ओळख या रविवारी आम्ही करून देत आहोत. त्यांचे नाव गियोम ड्युशेन. ज्यांनी हे नाव आधी ऐकले असेल त्यांनी ते बहुधा एका दुःखद आजाराच्या संदर्भात ऐकले असेल. त्याविषयी पुढे येईलच.

ड्युशेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १८०६ रोजी उत्तर फ्रान्समधील बुलोन या बंदराच्या गावी झाला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी. वडील जहाजाचे कप्तान होते आणि नेपोलियनच्या लढायांत त्यांनी इंग्रजांच्या जहाजांशी झुंज दिली होती. मुलानेही समुद्रावर जावे अशी त्यांची इच्छा होती, पण मुलाचा ओढा विज्ञानाकडे. पॅरिसला जाऊन त्याने वैद्यकीचे शिक्षण घेतले, १८३१ साली पदवी मिळवली आणि मोठ्या शहराचा मोह न धरता तो गावी परतला. कोळी, खलाशी आणि त्यांची बायकामुले हेच त्याचे रुग्ण.

त्याच वर्षी लग्न झाले. दोन वर्षांनी मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत पत्नी बाळंतज्वराने गेली. बाळंतपणाच्या वेळी तिच्याजवळ फक्त ड्युशेन होते. गावात कुजबुज सुरू झाली, आणि ती सासरवाडीकडूनच सुरू झाली, की नवऱ्यामुळेच पोरगी गेली. वाचकांनी ध्यानात घ्यावे की हा आजार उपचार करणाऱ्याच्या हातांवाटे पसरतो हे व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली दाखवून दिले आणि तेव्हाही कित्येकांनी त्यांचे ऐकले नाही. १८३३ साली तर बहुतेकांना याची कल्पनाच नव्हती. पण लोकांच्या जिभेला कोण आवरणार? सासूबाई बाळाला घेऊन गेल्या. बाप आणि लेक जवळजवळ तीस वर्षे एकमेकांना दुरावले. गावातले रुग्णही कमी झाले.

या एकटेपणाच्या काळातच ड्युशेन विजेकडे वळले. विजेने दुखणे बरे करण्याची कल्पना तशी जुनी. रोमन बादशहा क्लॉडियस यांच्या काळात, म्हणजे संत पौल गावोगावी फिरत होते त्याच सुमारास, स्क्रिबोनियस लार्गस नावाचे वैद्य डोकेदुखी आणि संधिवाताच्या रुग्णांना विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावायला सांगत. अठराव्या शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी लुळ्या पडलेल्या माणसांना ठिणग्यांचे झटके देऊन पाहिले, पण गुण टिकत नाही असे त्यांना दिसले. ड्युशेन विद्यार्थी होते त्या काळात पॅरिसमध्ये एक नवीन प्रकार निघाला होता. स्नायूत सुई टोचायची आणि सुईतून वीज सोडायची. १८३५ च्या सुमारास ड्युशेन यांनी मज्जातंतूच्या वेदनेने हैराण झालेल्या एका रुग्णावर तो करून पाहिला. वीज लागताच स्नायू आखडून हलतो हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि त्यांच्या मनात प्रश्न आला : सुई न टोचता हेच करता येईल का?

येथे थोडे थांबून त्यांनी काय केले ते नीट समजून घेऊ. कोरडी कातडी विजेला आत जाऊ देत नाही. वीज वरच्या वर राहते, कातडी चुरचुरते आणि खाली काही पोहोचत नाही. ड्युशेन यांनी धातूच्या टोकांवर ओला स्पंज किंवा ओले कातडे लावले आणि ती टोके घट्ट दाबून धरली. ओलाव्यातून वीज खाली स्नायूपर्यंत गेली, आणि दोन्ही टोके जवळ ठेवली तर शेजारच्या स्नायूला धक्का न लागता तेवढाच एक स्नायू हलला. इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली लावलेल्या शोधावर आधारलेले वेटोळ्याचे यंत्र ते वापरीत. त्यातून सलग प्रवाहाऐवजी झटपट येणारे छोटे छोटे ठोके मिळत. फॅरेडे यांच्या नावावरूनच त्या पद्धतीला फॅरेडायझेशन असे नाव पडले. आजही फिजिओथेरपीच्या खोलीत फॅरेडिक हा शब्द कानावर पडतो तो येथूनच आला. प्रत्येक स्नायूवर अशी एखादी जागा असते की जेथे थोड्याशा विजेनेही तो चटकन हलतो. अशा जागा ड्युशेन यांनी एकेक करून शोधल्या. तेथे मज्जातंतू स्नायूत शिरतो किंवा कातडीच्या जवळ येतो, हे पुढे इतरांनी दाखवले.

१८३९ साली त्यांनी दुसरे लग्न केले, पण तो संसारही नीट झाला नाही. १८४२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते यंत्र घेऊन पॅरिसला आले. ओळखपाळख नाही, कोणत्याही रुग्णालयात पद नाही, बोलण्यात गावंढळपणा आणि भाषणाची भीती. रोज सकाळी हातात विजेची लाकडी पेटी घेऊन ते एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जात. शारिते हे त्यांतले एक. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला संत जॉन ऑफ गॉड यांच्या संघाच्या ब्रदरांनी रुग्णसेवेसाठी ते सुरू केले होते. दुसरे साल्पेत्रिएर. तेथे हजारो गरीब, वृद्ध आणि वेड्या म्हणून टाकून दिलेल्या स्त्रिया राहत. ड्युशेन खाटेपाशी बसत, दुखणे कधी व कसे सुरू झाले ते तासन्‌तास विचारीत, मग पेटी उघडीत. शिकाऊ डॉक्टर त्यांच्या मागे हसत. काही वरिष्ठ त्यांना वॉर्डाबाहेरही काढीत. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. एखादा रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला तर ते तेथे जात, घरी सोडला तर घरी जात, कारण त्यांना दुखण्याचा शेवटपर्यंतचा प्रवास पाहायचा असे. आज आपण तपासणीचे कागद फाईलमध्ये घेऊन फिरतो. त्या काळी डॉक्टरच रुग्णामागे फिरले.

त्यांच्या हाती काय लागले? एक उदाहरण पाहा. रंगारी लोकांच्या अंगात शिसे भिनले की मनगट लोंबकळू लागते. वरून पाहिले तर सगळा हातच लुळा वाटतो. ड्युशेन एकेक स्नायू विजेने तपासत आणि सांगत की बोटे व मनगट सरळ करणारे हे हे स्नायू विजेला उत्तर देत नाहीत, बाकीचे देतात. विजेला उत्तर देणारा स्नायू बहुधा लवकर सुधारतो, न देणाऱ्याला फार वेळ लागतो किंवा तो गेलेला असतो. म्हणजे यंत्र उपचाराचेही आणि तपासणीचेही. लहान मुलांना एकाएकी येणाऱ्या पांगळेपणाचे, ज्याला आपण पोलिओ म्हणतो, मूळ पायात नसून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत आहे असे ते म्हणाले. पुढे सूक्ष्मदर्शकाने ते खरे ठरले. जो स्नायू गेला त्याच्या जागी स्प्रिंग आणि पट्टे लावून हातपाय कामाला लावणारी साधनेही त्यांनी तयार केली. १८५५ साली त्यांचा विजेच्या उपचारावरील मोठा ग्रंथ निघाला. त्रूसो या थोर डॉक्टरांनी त्यांना लिहिण्यात आणि लोकांसमोर मांडण्यात मदत केली. साल्पेत्रिएरचे प्रसिद्ध शार्को त्यांना आपले गुरू मानीत. मात्र पॅरिसच्या रुग्णालयांत वा विद्यापीठात त्यांना शेवटपर्यंत पद मिळाले नाही.

चेहऱ्यावरचा त्यांचा अभ्यास निराळाच आहे. त्यांच्या रुग्णांत एक वृद्ध, दात पडलेला मोची होता. आजारामुळे त्याच्या चेहऱ्याला वेदना कळत नव्हती. त्याच्या गालावर, कपाळावर टोके ठेवून ड्युशेन यांनी आनंद, भीती, दुःख असे भाव उमटवले आणि त्यांचे फोटो काढून १८६२ साली पुस्तक केले. तोंडाचे कोपरे आपण मुद्दाम वर नेऊ शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू मनापासून हसू आल्याशिवाय सहसा आखडत नाही, हे त्यांचे निरीक्षण आजही मानसशास्त्रात शिकवतात. माणसाच्या चेहऱ्याला ही सर्वांना समजणारी भाषा निर्माणकर्त्यानेच दिली असे त्यांनी त्या पुस्तकात मांडले. दहा वर्षांनी चार्ल्स डार्विन यांनी त्यातील काही चित्रे आपल्या ग्रंथात वापरली, परंतु अर्थ मात्र वेगळा लावला. त्या मोच्याला काय वाटत असेल याचा विचार आमच्या मनात येतो. त्याचा चेहरा जगभर पोहोचला.

त्याच सुमारास त्यांच्या आयुष्यात एक आनंदाची गोष्ट घडली. दुरावलेला मुलगा एमिल पॅरिसला आला. तोही डॉक्टर झाला. बाप-लेक एकत्र राहू लागले, एकत्र रुग्ण तपासू लागले आणि एमिलने लहान मुलांच्या पांगळेपणावर वडिलांचेच काम पुढे नेले.

याच काळात ड्युशेन काही विशेष लहान मुलगे पाहत होते. पोटऱ्या पैलवानासारख्या भरलेल्या, पण पायांत ताकद नाही. चालताना डुलायचे, पडले की मांड्यांवर हात टेकत उठायचे, काही वर्षांत चालणेच बंद. १८६८ साली त्यांनी अशा तेरा रुग्णांचे वर्णन केले. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा अगदी छोटा तुकडा काढण्यासाठी सुईसारखे हत्यार त्यांनी बनवले होते, त्यातून दिसले की स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरले आहेत. हाच तो ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. विजेला या आजारापुढे काही करता आले नाही. दोष एका जनुकात आहे हे १९८० च्या दशकात कळले. आजही औषधे व व्यायाम यांनी त्याचा वेग कमी करता येतो, तो पूर्ण बरा होत नाही. असे मूल ज्या घरात आहे तेथील आईवडिलांचे कष्ट आम्ही पाहिले आहेत.

१८७०-७१ च्या युद्धाच्या काळात एमिल विषमज्वराने गेला. एकत्र काढलेली वर्षे दहादेखील भरली नाहीत. ड्युशेन त्यातून सावरले नाहीत असे म्हणतात.

वेदनेवर वीज का गुण देते याचे उत्तर त्यांच्यानंतर फार उशिरा मिळाले. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडले की पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशासाठी जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश भरपूर आले की ते दार थोडे बंद होते. लागलेल्या जागी आपण हात चोळतो तेही त्यासाठीच. दुखऱ्या जागी लावायचे छोटे टेन्स यंत्र या विचारातून आले. ते सर्वांना सारखा गुण देत नाही, आणि यंत्र लावून व्यायाम टाळला तर फारसा उपयोग नाही हे फिजिओथेरपिस्ट सांगतात ते ऐकावे. पेसमेकर बसवलेल्यांनी, गरोदर बहिणींनी आणि ज्यांच्या कातडीला संवेदना कमी आहे अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी यंत्र लावू नये. अर्धांगवायूनंतर चालताना पाऊल लोंबकळते, अशांचे पाऊल नेमक्या क्षणी विजेने उचलण्याचे यंत्र १९६१ साली निघाले. एका स्नायूला नेमकेपणाने हलवण्याचे ड्युशेन यांचेच तंत्र त्यात आहे.

शेवटच्या वर्षी त्यांनी चेहऱ्यांच्या त्या फोटोंचा मूळ संग्रह पॅरिसच्या चित्रकला विद्यालयाला देऊन टाकला, विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून. सप्टेंबर १८७५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. ज्या साल्पेत्रिएरमध्ये शिकाऊ डॉक्टर त्यांना हसत होते, तेथेच पुढे त्यांचे स्मारक उभे राहिले.