वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि मनिला नगरी

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें असें ठरल्यावर तें कोणाचें द्यावें याचा आम्हांस फार विचार करावा लागला नाहीं. घाटाखालीं, लोणावळ्याहून एका दिवसांत जाऊन परत येतां येईल अशा वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे आपल्या अगदीं जवळचे संत होत. आणि भारतांत जन्मलेल्यांपैकीं पवित्र ख्रिस्तसभेनें संतपदास चढविलेले ते पहिले. तरीहि मावळांतील आपल्यापैकीं पुष्कळांस त्यांचें नांव व सण यांपलीकडे फारसें ठाऊक नसतें. जे वसईचा किल्ला पाहून येतात त्यांचीहि समजूत अशी होते कीं, हे संत वसईस जन्मले आणि एकदम जपानांत क्रूसावर चढले. मधलीं २५ वर्षें, आणि विशेषतः मनिला हें शहर, कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं. आमच्या मतें या चरित्राचें मर्म तेथेंच आहे.

वसई १५३४ सालच्या तहानें गुजराथच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली. तेथें व्यापार वाढला, देवळें व मठ उभे राहिले, आणि फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंनीं आपापलीं ठाणीं मांडलीं. या गजबजलेल्या शहरांत १५५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई येथल्याच किनाऱ्यावरची. घरांत एक बोली व रस्त्यावर दुसरी, असें ज्या मुलाचें बाळपण गेलें त्यास परक्या भाषेचें भय न वाटल्यास नवल नाहीं. त्यांचें शिक्षण येशूसंघीयांच्या हाताखालीं झालें.

१५७२ सालीं, वय अवघें १५ वर्षांचें असतां, ते येशूसंघीय मिशनऱ्यांबरोबर जपानास निघाले. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्यें त्या देशीं उतरले होते, त्यास तेव्हां जेमतेम पाव शतक होत आलें होतें. गोन्सालो यांनीं तेथें सुमारें ८ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें, आणि जपानी भाषा अशी आत्मसात केली कीं, पुढें हीच विद्या त्यांच्या सर्व आयुष्यास कारण झाली.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिणें भाग आहे. येशूसंघांत प्रवेश मिळावा अशी त्यांची उत्कंठा होती, असें चरित्रकार सांगतात. ती पुरी झाली नाहीं. त्या काळीं हिंदी रक्ताच्या व मिश्र कुळाच्या तरुणांस संघांत घेण्यास वरिष्ठ नाखूष असत. ही त्या काळाची मोठी उणीव होती, असें म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. आज कोंकणांतील व घाटावरील साध्या घरांतून धर्मगुरु व धर्मभगिनी निघतात, हें आपण इतकें गृहीत धरतों कीं, कधीं काळीं तें दार बंद होतें याची आठवणहि आपणांस राहत नाहीं. वसईच्या या मुलापुढें मात्र तें उघडलें नाहीं, आणि ते व्यापारांत पडले.

जपानी भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्यास पूर्व समुद्रांतील बंदरांत काय उणें? धंद्यास बरकत आली. पैसा मिळाला, पत वाढली. या धंद्याच्या येरझाऱ्यांतच ते मनिलास पोंचले.

मनिला ही तेव्हां अगदीं नवी नगरी होती. स्पॅनिश सेनापति लेगास्पी यानें १५७१ सालीं पासिग नदीच्या मुखाशीं ती आपली राजधानी केली. १५८० पासून स्पेनचा राजा दुसरा फिलिप हाच पोर्तुगालचाहि राजा झाल्यामुळें वसईच्या माणसास तेथें अगदींच परका म्हणतां येत नव्हतें. वाचकांनीं आमच्याबरोबर त्या शहरांतून थोडें फिरून यावें. नदीच्या तोंडावर सांतियागो किल्ला. गव्हर्नर गोमेस पेरेस दासमारिन्यास याच्या अमदानींत, म्हणजे १५९० पासून, लांकडी मेढेकोट जाऊन त्याच्या जागीं दगड आला आणि शहराभोवतीं तट उठूं लागला. त्यावरून आंतल्या वस्तीस इंत्रामुरोस, म्हणजे तटाच्या आंतलें शहर, असें नांव पडलें. बंदरांत मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराहून रुप्यानें भरलेलीं जहाजें येत. तटाबाहेर पारियान नांवाच्या पेठेंत चिनी व्यापारी रेशीम व चिनी मातीचीं भांडीं मांडून बसत. जवळच दिलाव येथें जपानी लोकांची वस्ती होती, व तिची आध्यात्मिक देखरेख फ्रान्सिस्कनांकडे होती. ऑगस्टिनियन मठाच्या दगडी देवळाचें काम १५८७ सालीं सुरू होऊन १६०७ सालीं संपलें. तेव्हां गोन्सालो यांनीं तें पाहिलें असेल तर अर्धवट बांधलेलेंच पाहिलें असेल.

फ्रान्सिस्कन बंधु १५७७ सालीं मनिलास आले होते, आणि त्यांचा मठ याच तटाच्या आंत होता. रुपें व रेशीम यांशिवाय दुसरें बोलणें नाहीं अशा त्या शहरांत हे लोक अनवाणी, जाड्याभरड्या झग्यांत हिंडत असत. गोन्सालो यांनीं त्यांस पाहिलें, त्यांच्याशीं सहवास केला, आणि चांगला चालता धंदा सोडून त्यांच्या संघांत प्रवेश केला. धर्मगुरु होण्यासाठीं नव्हे. स्वयंपाकापासून रुग्णसेवेपर्यंत पडेल तें काम करणारा साधा संघबंधु म्हणून. वसईंत व जपानांत जें मिळालें नव्हतें तें असें या स्पॅनिश नगरींत मिळालें.

पण त्यांची भाषा त्यांस मठांत स्वस्थ बसूं देणार नव्हती. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानें फिलिपाइन बेटांनीं आपलें स्वामित्व कबूल करावें अशी मागणी केली होती, आणि मनिलांत भीतीचें वातावरण पसरलें होतें. पहिले वकील म्हणून १५९२ सालीं गेलेले डोमिनिकन धर्मगुरु हुआन कोबो परत आलेच नाहींत. परतीच्या प्रवासांत त्यांचा अंत झाला. तेव्हां १५९३ च्या मे महिन्यांत दासमारिन्यास यानें फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांस वकील नेमलें, आणि दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांजबरोबर निघाले.

दुभाष्याचें काम लोकांस हलकें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. एका बाजूस मांडलिकत्व मागणारा, क्षणांत खूष व क्षणांत क्रुद्ध होणारा सम्राटासारखा पुरुष. दुसऱ्या बाजूस नमतें घेण्याचा अधिकार नसलेले वकील. आणि मध्यें हा वसईकर. एक शब्द कठोर पडला तर सर्वांचे प्राण जाणार, एक शब्द फार मऊ पडला तर साऱ्या बेटांचा मान जाणार. गोन्सालो यांच्या जपानी भाषणानें हिदेयोशी प्रसन्न झाला, लढाईचा प्रसंग टळला, आणि फ्रान्सिस्कनांस मियाको, म्हणजे आतांचें क्योटो, येथें राहण्याची परवानगी व मठासाठीं जागा मिळाली. तेथें त्यांनीं देवदूतांच्या राणीचें देऊळ बांधलें आणि महारोग्यांसाठीं रुग्णालय काढलें. ज्या बंधूंस जपानी येत नव्हतें त्यांची वाचा म्हणजे गोन्सालोच. तरी एक तलवार डोक्यावर टांगलेली होती: याच हिदेयोशीनें १५८७ सालीं मिशनऱ्यांस देश सोडण्याचा हुकूम काढला होता; तो पुरता अमलांत आला नव्हता, पण रद्दहि झाला नव्हता.

१५९६ च्या ऑक्टोबरांत मनिलाहून आकापुल्कोकडे निघालेलें सान फेलिपे नांवाचें जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा किनाऱ्यास लागून फुटलें. त्यांतील अमोल माल हिदेयोशीनें जप्त केला. जहाजाच्या सुकाण्यानें स्पेनच्या सामर्थ्याची फुशारकी मारली व मिशनऱ्यांमागून सैन्य येतें असें सुचविलें, अशी कथा आहे. कारण तें असो वा मालाचा लोभ असो, डिसेंबरांत मठांवर पहारे बसले. १५९७ च्या ३ जानेवारीस कैद्यांच्या डाव्या कानांचे तुकडे कापून त्यांस शहरांतून फिरविण्यांत आलें, आणि मग ऐन थंडींत नागासाकीपर्यंतची महिन्याभराची वाटचाल सुरू झाली. आरंभीं २४ जण होते. वाटेंत दोघांची भर पडली. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक. सर्वांत लहान लुई इबाराकी अवघा १२ वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर त्या २६ जणांस क्रूसांवर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. गोन्सालो यांचें वय तेव्हां सुमारें ४० वर्षांचें होतें.

पोप आठवे उर्बन यांनीं १६२७ सालीं त्यांस धन्य घोषित केलें. वसईंत त्यांची भक्ति सुरू झाली, पण १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि किल्ल्यांतील देवळें ओस पडलीं. त्या मोहिमेंत आणलेली मानली जाणारी एक घंटा आपल्या मावळाच्या उत्तरेस भीमाशंकरीं आजहि टांगलेली आहे. ती आम्हीं पाहिली तेव्हां मनांत जे आलें तें येथें लिहीत बसत नाहीं. अखेर ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं सव्वीसहि रक्तसाक्ष्यांस संतपद दिलें. त्याच सुमारास आपल्या बोरघाटांत आगगाडीच्या रस्त्याचें काम जोरांत चाललें होतें. ४०,००० वर मजूर कातळ फोडीत होते, २५ बोगदे पडत होते, आणि पुढच्याच वर्षीं, १८६३ सालीं, घाटांतून गाडी वर आली. आगगाडीच्याच नोकरीच्या पाठोपाठ पुष्कळ कॅथॉलिक घराणीं लोणावळ्यास येऊन राहिलीं.

आतां जे आपल्यापैकीं दूरदेशीं जातील त्यांच्यासाठीं दोन शब्द. मनिलाचें तें जुनें शहर १९४५ च्या लढाईंत जवळजवळ सर्व बेचिराख झालें. फ्रान्सिस्कनांचें देऊळहि गेलें. त्या जागीं आतां मापुआ विद्यापीठ आहे. उभें राहिलें तें सान आगुस्तीन, गोन्सालो यांच्या काळीं अर्धवट असलेलें देऊळ, आणि तेंच प्रथम पाहावें. तटावरूनहि फिरतां येतें. शहराबाहेर सान फ्रान्सिस्को देल मोंते येथें फादर पेद्रो बाउतिस्ता यांनीं १५९० सालीं स्थापिलेल्या मठाच्या जागीं त्यांच्याच नांवाचें देऊळ आहे. प्रवासी तें बहुधा चुकवितात, आपण चुकवूं नये. नागासाकीस निशिझाका टेकडीवर १९६२ सालीं उभारलेलें स्मारक आहे, त्यावर सव्वीसहि जणांच्या ब्राँझच्या मूर्ति एका रांगेंत आहेत.

ज्यांस एवढें दूर जाणें शक्य नाहीं त्यांनीं लोणावळ्याहून गाडीनें दादरास उतरून वसई रोडची लोकल धरावी. स्टेशनापासून किल्ल्यापर्यंत बस व रिक्षा मिळतात. किल्ल्यांत येशूसंघाच्या देवळाची खांबांची दर्शनी भिंत अद्याप सुरेख आहे, आणि तें देऊळ आतां गोन्सालो गार्सियांच्याच नांवानें ओळखलें जातें. सेंट अँथनीच्या फ्रान्सिस्कन देवळांत जमिनीवर जुन्या थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरून चालतांना जपून पाऊल टाकावें. संतांचा सण फेब्रुवारीच्या आरंभीं असतो. त्या दिवसांत गास गांवच्या त्यांच्या देवळांतहि जाऊन यावें, आणि मुलांस बरोबर न्यावें.